क्रोशाचा उंदीर बुकमार्क : कसा विणायचा, आणि पुस्तकाला त्रास न देणारा कसा ठेवायचा?

पुस्तकाच्या वरच्या कडेवर उंदीर बसलाय आणि त्याची लांब शेपटी पानांतून खाली लोंबतेय. रील्स बघताना असा एखादा क्रोशाचा बुकमार्क तुमच्याही समोर आला असेल. कुणी मांजर विणतं, कुणी कासव, कुणी साप. दिसायला हे सगळे गोड असतात, पण त्यातले काही पुस्तकाची वाट लावतात. म्हणून आधी फरक समजून घेऊ, मग उंदीर विणू.

प्राण्यांचे बुकमार्क किती प्रकारचे?

ढोबळमानाने तीन. पहिल्या प्रकारात प्राण्याचं चपटं शरीर पानांत राहतं आणि डोकं वर डोकावतं. दुसऱ्यात प्राणी पूर्ण बाहेर असतो, पानांत फक्त शेपटी जाते. तिसऱ्यात प्राणी कापूस भरून गुबगुबीत केलेला असतो. या भरलेल्या बाहुल्यांना 'अमिगुरुमी' म्हणतात. हा जपानी शब्द 'अमी' म्हणजे विणकाम आणि 'नुइगुरुमी' म्हणजे कापूस भरलेलं खेळणं यांवरून आला आहे.

पुस्तकाच्या दृष्टीने दुसरा प्रकार सगळ्यात बरा. जाड वस्तू पानांत ठेवून पुस्तक मिटलं की बांधणीवर ताण येतो. रोज तसंच होत राहिलं तर पाठ सैल होते आणि पानं सुटू लागतात. चिकटवलेल्या बांधणीची पेपरबॅक पुस्तकं यात लवकर खराब होतात. शेपटी मात्र दोऱ्याएवढीच जाड असते.

साहित्य काय लागतं?

मध्यम बारीक सुती दोरा, २.५ मिमीची क्रोशाची सुई, शिवणाची बोथट सुई, कात्री आणि डोळ्यांसाठी थोडा काळा दोरा. लोकरही चालते, पण ती फुगते. सुती दोरा चपटा बसतो.

टाके कोणते?

आजीच्या पिढीने दाराची तोरणं आणि टेबलावरचे रुमाल ज्या टाक्यांनी विणले, त्यातलेच दोन इथे लागतात.

• साखळी : सुईवर दोरा घेऊन तो फासातून ओढून काढायचा.
• मुका खांब : सुई घरात घालून दोरा ओढून घ्यायचा. सुईवर दोन फास होतात. पुन्हा दोरा घेऊन दोन्हींतून एकदम काढायचा.

तिसरा म्हणजे स्लिप स्टिच : घरातून ओढलेला दोरा थेट सुईवरच्या फासातूनही काढायचा.

इंग्रजी कृती वाचत असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. आपल्या मुक्या खांबाला अमेरिकन कृतीत 'सिंगल क्रोशे' म्हणतात आणि ब्रिटिश कृतीत 'डबल क्रोशे'. नाव तेच, टाका वेगळा, असं झालं की सगळं माप बिघडतं. त्यामुळे कृती कुठल्या पद्धतीची आहे ते आधी बघा.

उंदीर कसा विणायचा?

आधी एक गोल चकती विणायची. २ साखळ्या घाला.

१. पहिल्या साखळीत ६ मुके खांब.
२. प्रत्येक घरात २ मुके खांब. एकूण १२.
३. एका घरात १, पुढच्यात २, असं फेरीभर. एकूण १८.
४. दोन घरांत १-१, तिसऱ्यात २. एकूण २४.
५. तीन घरांत १-१, चौथ्यात २. एकूण ३०.

फेरी कुठे सुरू झाली ते कळावं म्हणून पहिल्या टाक्याला वेगळ्या रंगाचा दोरा अडकवा. चकती साधारण ४ सेंमीची होते. ती वाटीसारखी वळत असेल तर वाढवायचे टाके राहिलेत, कडा झालरीसारखी होत असेल तर जास्त झालेत. दोन्ही वेळा फेरीतले टाके मोजा.

आता दोरा न तोडता चकती मधोमध दुमडा. सुरुवातीचं टोक आत लपवा. दोन्ही कडांच्या समोरासमोरच्या घरांतून सुई घालून १५ मुके खांब विणा. अर्धगोल बंद होतो : घडीची बाजू म्हणजे पोट, गोल बाजू म्हणजे पाठ. आत कापूस भरू नका.

दुसऱ्या कोपऱ्यावर पोहोचलात की तिथूनच शेपटी काढा. सुमारे ८० साखळ्या होतील, पण आकड्यापेक्षा पुस्तकाला लावून बघा. शेपटी पुस्तकाच्या उंचीपेक्षा ३-४ सेंमी जास्त हवी. मग शेवटची साखळी सोडून प्रत्येक साखळीत एक स्लिप स्टिच घालत शरीरापर्यंत परत या आणि दोरा बंद करा. शेपटी पिळवटत असेल तर टाके घट्ट झालेत. तेवढ्यापुरती ३ मिमीची सुई घ्या.

कानांसाठी २ साखळ्या घालून पहिल्या साखळीत ४ मुके खांब विणा आणि दोरा लांब ठेवून तोडा. असे दोन कान दोन्ही बाजूंना शिवा. डोळे आणि नाक दोऱ्याच्या गाठींनी करा. मणी सुटतात, आणि घरात लहान मूल असेल तर ते तोंडात जाऊ शकतात.

पुस्तकात ठेवण्याआधी

गडद रंगाचा दोरा असेल तर ओलं पांढरं फडकं त्यावर दाबून बघा. रंग उतरला तर बुकमार्क धुऊन पूर्ण वाळवा आणि पुन्हा तपासा. पावसाळ्यात दमट हवेत असा रंग पानावर लागला तर निघत नाही. सुती शेपटीवर ओलसर कापड ठेवून इस्त्री फिरवली की ती सरळ होते. ॲक्रिलिक लोकरीवर मात्र गरम इस्त्री लावू नका, ती वितळते.

विकत घेताना किंमत कशी बघायची?

स्वेटर यंत्रावर विणले जातात, क्रोशाचं तसं नाही. कारखान्यात क्रोशे करणारी यंत्रं आजही रूढ नाहीत. यंत्रावरची 'क्रोशे लेस' ही मुळात वेगळी वीण असते. म्हणजे बाजारातला स्वस्तातला बुकमार्कही कुणीतरी हातानेच विणलेला असतो.

वरच्या उंदराचे टाके मोजा : चकती ९०, पाठ १५, शेपटी जवळपास १६०, कान ८. एकूण २७० च्या वर. सराव असलेल्या बाईलाही पाऊण-एक तास जातो, नवशिक्याला दोन-तीन तास. दोरा दहा-वीस रुपयांचा लागतो हे खरं, पण किंमत दोऱ्याची नसते. तुम्ही स्वतः एक उंदीर विणून पाहिलात, की 'एवढ्याशा गोष्टीचे एवढे पैसे?' हा प्रश्न पुढच्या वेळी विचारावासा वाटणार नाही.