लोण्याचे पदर

पफ पेस्ट्रीच्या चौकोनावर सफरचंदाच्या किंवा जर्दाळूच्या फोडी मांडून भाजलेले छोटे टार्ट पाहिले की नजर आधी फळाकडे जाते. पण मागोवा घ्यावा तो खालच्या पापुद्र्यांचा. लोणी घट्ट कसं ठेवायचं, या एका अडचणीभोवती त्यांचा इतिहास फिरतो.

चित्रकार क्लोद लोरँ पोरवयात पेस्ट्रीवाल्याकडे उमेदवारी करत असताना त्याला पिठात लोण्याचे पदर घालण्याची युक्ती सुचली, अशी एक आख्यायिका आहे. तारखा तिला साथ देत नाहीत. लोरँ जन्मला १६०० च्या आसपास, आणि १६०७ साली स्पेनमध्ये दोमिंगो एर्नांदेझ दे मासेरासच्या पाकपुस्तकात ही कृती छापूनही झाली होती.

स्पेनला ती परकी नव्हतीच. तेराव्या शतकातल्या अंदालुसी अरबी पाकग्रंथात पापुद्र्यांची रोटी आहे: पोळी पातळ लाटायची, वितळलेलं तूप पसरायचं, गुंडाळी करून चेपायची, तव्यावर भाजायची. चिरोट्यांना साटा लावणाऱ्या हातांना यात नवं काही वाटणार नाही.

लोणी थंड ठेवल्यावर गोष्ट बदलली. १६१५ साली इंग्लंडमध्ये जर्व्हेस मार्कमने लाटलेल्या पोळीवर थंड लोणी पसरून वर दुसरी पोळी, पुन्हा लोणी, अशी चळत रचायला सांगितली. घट्ट लोणी पिठात मुरत नाही, आपला थर धरून राहतं. भट्टीत पाण्याची वाफ होते, ती लोण्याच्या थरांमुळे अडते आणि पदर सुटे करत वर उचलते. पुढे रूढ झालेल्या पद्धतीत लोण्याची लादी पिठात गुंडाळून तिहेरी घडी सहा वेळा घालतात. प्रत्येक घडीला थर तिप्पट होतात, म्हणजे शेवटी ७२९. मधूनमधून पीठ गारव्याला ठेवलं नाही तर सगळा हिशेब वितळतो. फ्रीजच्या आधी हे काम तळघर आणि संगमरवरी ओटा करत असे.

फळाला स्वतंत्र वाटी मिळाली ती अठराव्या शतकात. व्हिन्सां ला शापेलच्या १७३५ च्या फ्रेंच पुस्तकातल्या ‘प्वी दामूर’मध्ये पापुद्र्यांच्या वाटीत लाल करंटची जेली भरलेली आहे. आजच्या छोट्या टार्टची ती जवळची पूर्वज.

उष्ण हवेत मात्र लोणी टिकेना. आपल्याकडच्या बेकऱ्यांनी सहज न वितळणाऱ्या वनस्पती तुपावर आणि मार्जरीनवर थर उभे केले. मुंबई-पुण्याची खारी त्यातलीच. फळ गेलं, चहा आला.

आता गोठवलेली तयार पोळी दुकानात मिळते आणि घड्यांची मेहनत वाचते. पण ती धारदार सुरीनेच कापावी लागते. बोथट पात्याने कड चेपली किंवा तिच्यावर अंड्याचा हात ओघळला, की पदर चिकटतात आणि टार्ट त्या बाजूला बसकं राहतं.