प्रवेशापासून पदवीपर्यंत : न्यूयॉर्कच्या सार्वजनिक कॉलेजांचा इतिहास

कॉलेजात प्रवेश मिळणे आणि पदवी पदरात पडणे या दोन गोष्टी आपण बोलताना जवळजवळ एकच समजतो. मुलाचे नाव पहिल्या वर्षाच्या यादीत लागले की घरी पेढे वाटले जातात. त्या यादीतील किती नावे शेवटच्या वर्षाच्या निकालात दिसतात, आणि ठरलेल्या मुदतीत दिसतात की दोन-चार वर्षे उशिराने, याचा हिशेब सहसा कोणी ठेवीत नाही. जी मुले मध्येच गळतात त्यांच्याविषयी ‘अभ्यासात लक्ष नव्हते’ एवढे म्हणून आपण मोकळे होतो. हा निवाडा कितपत खरा आहे, हे पाहायचे असेल तर अमेरिकेतील न्यूयॉर्क शहराचा इतिहास उपयोगी पडतो. गरिबांच्या मुलांसाठी उच्च शिक्षणाचे दार उघडण्याचे काम त्या शहराने १८४७ साली हाती घेतले. परंतु आत आलेला विद्यार्थी वेळेवर पदवी घेऊन बाहेर कसा पडेल, या प्रश्नाचे पुराव्यानिशी उत्तर मिळण्यास तेथेही दीडशेहून अधिक वर्षे लागली.

टाउनसेंड हॅरिस हे न्यूयॉर्कमधील एक व्यापारी होते. त्यांना स्वतःला कॉलेजचे शिक्षण मिळालेले नव्हते. शहराच्या शिक्षण मंडळाचे अध्यक्ष असताना त्यांनी असा आग्रह धरला की, श्रीमंतांची व गरिबांची मुले एकाच बाकावर बसतील असे विनामूल्य कॉलेज शहराने काढावे. (हेच हॅरिस पुढे १८५६ साली अमेरिकेचे पहिले वकील म्हणून जपानात गेले.) राज्याच्या विधिमंडळाने १८४७ मध्ये कायदा केला, शहरातील मतदारांनी मोठ्या बहुमताने कौल दिला आणि १८४९ मध्ये ‘फ्री अकॅडमी’ सुरू झाली. १८६६ साली तिला ‘कॉलेज ऑफ द सिटी ऑफ न्यूयॉर्क’ हे नाव मिळाले. मुलींसाठी १८७० मध्ये निराळी संस्था निघाली, तीच पुढे हंटर कॉलेज म्हणून प्रसिद्धीस आली. १९३० मध्ये ब्रुकलिन आणि १९३७ मध्ये क्वीन्स ही कॉलेजे झाली, आणि १९६१ साली या सर्वांना एकत्र बांधून सिटी युनिव्हर्सिटी ऑफ न्यूयॉर्क हे विद्यापीठ स्थापन झाले.

या कॉलेजांनी काय साधले हे सांगण्यास दोन नावे पुरेशी आहेत. पोलिओवरील लस शोधून काढणारे डॉ. जोनास साल्क हे सिटी कॉलेजचे १९३४ सालचे पदवीधर. त्यांचे वडील कपड्यांच्या धंद्यात काम करीत. जमेकाहून आलेल्या आईबापांचे चिरंजीव आणि पुढे अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री झालेले कॉलिन पॉवेल हे तेथील १९५८ सालचे पदवीधर. घरी बेताचीच परिस्थिती असलेल्या असंख्य मुलांना या विनामूल्य शिक्षणाने वर आणले.

त्याच शहरात आपल्याला फार जवळचा असा एक विद्यार्थी १९१३ ते १९१६ या काळात राहत होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे सिटी कॉलेजचे नव्हेत, तर कोलंबिया या खासगी विद्यापीठाचे विद्यार्थी होते. पण त्यांची हकीकत आपल्या विषयाच्या मुळाशी जाते. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन ते तेथे गेले, १९१५ मध्ये एम. ए. झाले आणि १९१६ मध्ये पुढील अभ्यासासाठी लंडनला पोचले. शिष्यवृत्तीची मुदत सरल्यामुळे १९१७ मध्ये त्यांना अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. मुंबईस सिडनहॅम कॉलेजात नोकरी करून व पैसा साठवून ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले, आणि तेथील डी. एस्सी. त्यांच्या हाती पडली ती १९२३ मध्ये. त्यांच्या बुद्धीविषयी किंवा कष्टाविषयी शंका घेण्यास कोणीही धजणार नाही. तेव्हा पदवीला उशीर होतो तो नेहमी विद्यार्थ्याच्या दोषाने होतो, असे म्हणता येत नाही.

आता पुन्हा न्यूयॉर्ककडे वळू. फी नसली तरी तेथे प्रवेश गुणांवर मिळत असे. १९६० नंतर शहरात कृष्णवर्णीय आणि पोर्टो रिकोहून आलेल्या लोकांची वस्ती वाढली. त्यांची मुले निकृष्ट शाळांतून शिकत, आणि त्यांना हे गुण मिळणे कठीण होते. सिटी कॉलेज ज्या हार्लेम वस्तीत उभे, त्या वस्तीतील मुलेच कॉलेजात फारशी दिसत नव्हती. यावर उपाय म्हणून १९६६ साली ‘सीक’ नावाची योजना राज्याच्या कायद्याने सुरू झाली. तीत पूर्वतयारीचे वर्ग, सल्लागार आणि थोडा निर्वाहखर्च मिळे. योजना चांगली होती, पण लहान होती. एप्रिल १९६९ मध्ये कृष्णवर्णीय व पोर्टो रिकन विद्यार्थ्यांनी सिटी कॉलेजच्या आवाराचा ताबा घेतला. जो निर्णय १९७५ साली अमलात आणावयाचा होता तो १९७० मध्येच आणण्यात आला. शहरातील कोणत्याही शाळेतून माध्यमिक शिक्षण पुरे केलेल्या विद्यार्थ्याला विद्यापीठाच्या कोणत्या ना कोणत्या कॉलेजात जागा मिळेल, असे ठरले. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांची संख्या एका वर्षात सुमारे २०,००० वरून ३५,००० वर गेली.

दार सताड उघडले. पण आतील व्यवस्था तेवढ्या वेगाने वाढली नाही. जागा अपुरी आणि शिकवण्याची पद्धत जुनीच. ज्या मुलांना एक परिच्छेदही धड लिहिता येत नव्हता, त्यांच्यापुढे काय करावे हे अध्यापकांना उमजेना. सिटी कॉलेजातील मीना शॉनेसी या अध्यापिकेने मात्र निराळी वाट धरली. अशा विद्यार्थ्यांचे सुमारे ४,००० निबंध त्यांनी बारकाईने अभ्यासले आणि १९७७ मध्ये पुस्तक लिहून दाखवून दिले की, या चुका आळशीपणाच्या नाहीत. त्यांमागे एक रीत आहे, आणि ती रीत कळली तर चूक दुरुस्त करता येते. दुर्दैवाने तोवर काळ फिरला होता. १९७५-७६ मध्ये शहराची तिजोरी रिकामी झाली. विद्यापीठ काही दिवस बंद ठेवावे लागले, पुष्कळ तरुण अध्यापकांना घरी बसावे लागले आणि १२९ वर्षे चाललेले विनामूल्य शिक्षण १९७६ साली संपुष्टात आले.

मग खुल्या प्रवेशाचा तो प्रयोग फसला काय? अनेकांनी तसे म्हटले. पण पॉल अॅटवेल आणि डेव्हिड लॅव्हिन या समाजशास्त्रज्ञांनी १९७० ते १९७२ या वर्षांत प्रवेश घेतलेल्या स्त्रियांचा सुमारे तीस वर्षांनंतर शोध घेतला. त्यांचा ग्रंथ २००७ साली प्रसिद्ध झाला. या स्त्रियांपैकी शेकडा ७० हून अधिक जणींनी शेवटी पदवी मिळविली होती, आणि त्याचा लाभ त्यांच्या मुलांच्या शिक्षणालाही झाला होता. मात्र कित्येकींची पदवी फार उशिराने, नोकरी व संसार सांभाळून, मध्ये खंड पडत पडत पुरी झाली होती. या निष्कर्षात आनंद आहे आणि दुःखही आहे. त्या नालायक नव्हत्या हे सिद्ध झाले. पण विशीत मिळावयाची पदवी चाळिशीच्या आसपास मिळाली, तर मधल्या वर्षांची कमाई आणि उमेद कोण भरून देणार?

याच प्रश्नातून २००७ साली एक नवी योजना निघाली. शहराचे तेव्हाचे महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांच्या प्रशासनाने पैसा दिला आणि विद्यापीठाने आपल्या दोन वर्षांच्या सहा कॉलेजांत ती सुरू केली. तिच्या लांबलचक नावाची आद्याक्षरे ‘असॅप’ अशी होतात. इंग्रजीत ‘होता होईल तो लवकर’ या अर्थाने हीच अक्षरे वापरतात. दोन वर्षांची पदवी निदान तीन वर्षांत तरी पुरी व्हावी, एवढेच तिचे उद्दिष्ट होते.

या योजनेत नवल वाटावे असे काहीच नाही, हे वाचकांच्या लक्षात येईल. विद्यार्थ्याने पूर्ण वेळ शिकले पाहिजे, ही पहिली अट. मागे राहिलेल्या विषयांचे पूर्वतयारीचे वर्ग टाळता कामा नयेत, ते आरंभीच पुरे करावेत, ही दुसरी. त्याच्या बदल्यात शिष्यवृत्ती धरूनही फीत जी तूट राहील ती योजनेने भरावयाची. क्रमिक पुस्तके फुकट. भुयारी रेल्वे व बस यांचे कार्ड फुकट; मात्र ते सल्लागाराची भेट घेतल्यावरच हाती पडे. पहिल्या सत्रांत तासिका एका सलग वेळी ठेवल्या जात, म्हणजे उरलेल्या वेळात नोकरी करता येई. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सल्लागार. इतरत्र एका सल्लागारामागे ६०० ते १,५०० विद्यार्थी असत; येथे ६० ते ८०. त्यामुळे कोण दोन आठवडे आला नाही, कोणी चुकीचा विषय घेतला, कोणाच्या घरी आजारपण आहे, हे सल्लागाराला वेळेवर कळे.

योजनेचा पहिला निकाल उत्तम आला. पण उत्साही विद्यार्थीच तेथे आले असतील, असा आक्षेप घेता येण्याजोगा होता. म्हणून एमडीआरसी या संशोधन संस्थेने २०१० मध्ये तीन कॉलेजांतील ८९६ विद्यार्थी घेऊन त्यांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी केली. सर्व विद्यार्थी अल्प उत्पन्नाच्या घरांतील आणि पूर्वतयारीचे वर्ग लागणारे होते. तीन वर्षांनी योजनेतील शेकडा ४० विद्यार्थ्यांना पदवी मिळाली होती. दुसऱ्या गटातील शेकडा २२ जणांना. सहा वर्षांनी हे आकडे ५१ आणि ४१ झाले. म्हणजे योजनेमुळे काहींना पदवी लवकर मिळाली, आणि ज्यांना ती कदाचित मिळालीच नसती अशा काहींनाही मिळाली.

खर्चाचा हिशेबही बोलका आहे. तीन वर्षांत दर विद्यार्थ्यामागे सुमारे १६,३०० डॉलर, म्हणजे नेहमीपेक्षा शेकडा ६० हून अधिक जादा खर्च आला. परंतु पदव्यांची संख्या त्याहूनही जास्त वाढल्यामुळे दर पदवीमागील खर्च उलट शेकडा ११ ने कमी भरला. गळून गेलेल्या विद्यार्थ्यावर झालेला खर्च वाया जातो, हे आपण हिशेबात धरत नाही, म्हणून स्वस्त शिक्षण आपल्याला स्वस्त वाटते! पुढे ओहायो राज्यातील तीन कॉलेजांनी हीच योजना आपल्या परिस्थितीनुसार राबविली, तेथेही तीन वर्षांतील पदवीधरांचे प्रमाण शेकडा १९ वरून ३५ वर गेले. न्यूयॉर्कमध्ये २०१५ साली जॉन जे कॉलेजात चार वर्षांच्या पदवीसाठी तशीच योजना सुरू झाली.

तिची मर्यादाही सांगितली पाहिजे. ज्याला दिवसभर कामावर जावेच लागते, त्याला पूर्ण वेळ शिकण्याची अट पेलत नाही. त्याच्यासाठी निराळा विचार हवा. आणि सहा वर्षांनंतरही जवळजवळ निम्मे विद्यार्थी पदवीविना राहिले, हे विसरून चालणार नाही.

तथापि या इतिहासाचा बोध स्पष्ट आहे. १८४७ साली फी काढून टाकली, १९७० साली गुणांची अट काढली. दोन्ही पावले थोर होती, पण दोन्ही पावले दारापाशीच थांबली. विद्यार्थी अडखळतो तो बहुधा लहानसहान गोष्टींपाशी : पुस्तकाची किंमत, बसचे भाडे, राहून गेलेला एक विषय, विचारायला कोणी नसणे. या गोष्टी एकेकट्या क्षुल्लक वाटतात, म्हणूनच त्यांच्याकडे दुर्लक्ष होते. त्या सर्व एकाच वेळी, सलग तीन वर्षे सांभाळल्या तेव्हा निकाल जवळजवळ दुपटीने वाढला. जी कोणी संस्था मुलांना प्रवेश देते, तिने दरवर्षी प्रवेशाच्या यादीशेजारी निकालाची यादी ठेवून पाहावी. मधल्या गाळलेल्या नावांपैकी प्रत्येकाला कोणत्या दिवशी, कशासाठी थांबावे लागले, एवढे विचारले तरी कामाला आरंभ झाला असे समजावे.