कॉनवे आणि वुस्टर

स्पर्धा म्हटली कीं मत्सर आलाच, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. ती सर्वस्वीं खरी नाहीं, हें इंग्लंडांतील दोन नाविक शाळांच्या इतिहासावरून चांगलें ध्यानांत येतें. लिव्हरपूल येथें मर्सी नदींत १८५९ सालीं ‘कॉनवे’ जहाजावर व्यापारी नौकांचे भावी अधिकारी तयार करणारी शाळा निघाली. तीनच वर्षांनीं, १८६२ मध्यें, टेम्स नदींत ‘वुस्टर’ उभें राहिलें. पुढें १८७६ सालीं दोन्ही शाळांनीं आरमारांतील मोठीं लांकडी जहाजें घेतलीं आणि त्यांस आपापलीं जुनींच नांवें दिलीं, हा योगायोग मौजेचा होय.

वडीलकीचा मान कॉनवेचा. राजधानीच्या शेजाराची ऐट वुस्टरची. दोघांच्या विद्यार्थ्यांत वल्हवण्याच्या शर्यती होत, रग्बीचे सामने होत. परंतु खरी चढाओढ नांवांची असे. १८७५ सालीं इंग्लिश खाडी पोहून जाणारा मॅथ्यू वेब व १९३० सालीं राजकवि झालेला जॉन मेसफील्ड हे कॉनवेचे. तर जपानचा सेनापति टोगो व स्कॉटबरोबर १९१२ मध्यें दक्षिण ध्रुवाहून परततां मृत्यु पावलेला बॉवर्स हे वुस्टरचे. १९३८ मध्यें ‘कटी सार्क’ हें प्रख्यात शिडाचें जहाज वुस्टरच्या शेजारीं येऊन उभें राहिलें, तेव्हां तर त्या मुलांचा अभिमान किती वाढला असेल!

एवढ्या ईर्ष्येंत कटुता कां शिरली नाहीं? कारण उघड आहे. शाळा दोन असल्या तरी समुद्र एकच होता. दोन वर्षांचें शिक्षण संपतांच दोन्हीकडचीं मुलें त्याच कंपन्यांच्या नौकांवर जात. कालचा प्रतिस्पर्धी आज रात्रीच्या पहाऱ्यावरचा सोबती होई, आणि वादळांत त्याच्याच सावधपणावर आपला जीव अवलंबून असे. शिवाय वुस्टरवर राणीचें सुवर्णपदक मुलांच्याच मतांनीं दिलें जाई. त्यासाठीं हुशारीपेक्षां सत्यनिष्ठा, दुर्बळांविषयीं दया व क्षमाशीलता यांस अधिक मोल होतें. दुसऱ्याची योग्यता मोकळ्या मनानें मान्य करण्याची संवय अशी लागे.

या दोघांच्या चढाओढीकडे पाहतां आपल्या देशाची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. इंग्रजी बोटींवर कोंकणचा खलाशी पिढ्यान्‌पिढ्या राबला; अधिकाऱ्याची जागा मात्र हिंदी तरुणास बंदच होती. हेडलॅम समितीच्या शिफारशीनंतर १९२७ मध्यें मुंबई बंदरांत ‘डफरिन’ सुरू झालें, तेव्हां तें दार किलकिलें झालें. त्याच्या पहिल्याच तुकडीतील रामदास कटारी १९५८ मध्यें आरमाराचे पहिले भारतीय प्रमुख झाले. परंतु आरंभकाळीं डफरिनशीं शर्यत लावील अशी तोलाची दुसरी शाळाच देशांत नव्हती. स्पर्धेला बरोबरीचा गडी लागतो. आणि जेथें एकच दार उघडलेलें असतें, तेथें बरोबरीचा गडी कोठून येणार?

कॉनवे जहाज १९५३ मध्यें मेनाय सामुद्रधुनींत फुटलें व किनाऱ्यावरची त्याची शाळाही १९७४ मध्यें मिटली. वुस्टर १९६८ मध्यें संपलें, डफरिन १९७२ मध्यें. जहाजें गेलीं. तथापि आपल्याशीं झुंजणाऱ्यालाच आपला सोबती मानण्याची जी रीत त्यांनीं घालून दिली, ती जमिनीवरच्या शाळांनींही उचलण्याजोगी आहे.