मैदान जनतेचं, क्लब मालकाचा!

दरवर्षी 25 डिसेंबरला आपण देहूरोडला जातो. 1954 साली याच दिवशी बाबासाहेबांनी तिथल्या विहारात बुद्धमूर्तीची स्थापना केली. तिथून जवळच मामुर्डी आहे. काही वर्षांपूर्वी मामुर्डीच्या मैदानावर पुणे एफसी हा देशातल्या अव्वल क्लबांपैकी एक क्लब सराव करायचा. त्याची अकादमीही तिथेच होती. विहार सत्तर वर्षांनंतरही उभा आहे आणि तिथली गर्दी वाढतेच आहे. क्लब मात्र आठ वर्षांत संपला. असं का झालं? आमच्या मते हा प्रश्न खेळाचा नाही, मालकीचा आहे.

आधी इतिहास पाहू. अशोक पिरामल समूहाने 2007 मध्ये पुणे एफसी काढला. 2009 मध्ये दुसऱ्या श्रेणीतून खेळून तो आय-लीगमध्ये चढला आणि पहिल्याच हंगामात तिसरा आला. 2012-13 मध्ये दुसरा आला. 2014 मध्ये आशियाई पातळीवरच्या एएफसी कपमध्ये खेळला. घरचं मैदान होतं बालेवाडीचं, म्हणजे 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी जनतेच्या पैशातून उभं राहिलेलं संकुल. वाकड, हिंजवडी, पिंपरीची पोरं तिथे सामने पाहायला जायची.

2014 मध्ये इंडियन सुपर लीग आली आणि सगळा खेळ बदलला. आय-लीगमध्ये खालचा संघ जिंकत वर येऊ शकत होता आणि वरचा हरला तर खाली जाऊ शकत होता. नव्या लीगमध्ये फ्रँचायझीचे पैसे भरणाऱ्याला थेट जागा मिळाली. कितीही हरला तरी खाली जायची भीती नव्हती. आरक्षणाचा विषय निघाला की 'मेरिट'चे धडे देणारा वर्ग इथे गप्प बसला. पैशाच्या जोरावर राखून ठेवलेल्या जागा कुणालाच खुपल्या नाहीत. मैदानावर खेळून वर आलेला पुणे एफसी 2015 मध्ये बंद झाला आणि वाधवान समूह व हृतिक रोशन यांच्या मालकीचा एफसी पुणे सिटी बालेवाडीत राहिला.

मधल्या काळात आणखी दोन क्लब येऊन गेले. कल्याणी समूहाचा भारत एफसी एकच हंगाम खेळला, शेवटचा आला आणि 2015 मध्येच गुंडाळला गेला. डीएसके शिवाजियन्सने लिव्हरपूल क्लबच्या नावाने अकादमी काढली, दोन हंगाम आय-लीग खेळली आणि 2017 मध्ये अंग काढून घेतलं. पुढच्याच वर्षी ठेवीदारांच्या फसवणुकीच्या आरोपावरून डी. एस. कुलकर्णींना अटक झाली. राहिला एफसी पुणे सिटी. 2017-18 मध्ये तो उपांत्य फेरीपर्यंत गेला. 2019 मध्ये तोही बुडाला आणि लीगमधली पुण्याची जागा हैदराबादला गेली. पाच वर्षं घसा कोरडा करणाऱ्या चाहत्यांना कुणी विचारलंसुद्धा नाही.

मालक बुडाला म्हणूनच क्लब बुडतो, असंही नाही. चाकणला ज्यांचा मोठा कारखाना आहे, त्या महिंद्रांचा मुंबईतला महिंद्र युनायटेड 2005-06 चा राष्ट्रीय विजेता होता. कंपनी नफ्यात असताना, 2010 मध्ये, तो बंद झाला. शाळकरी मुलांच्या फुटबॉलकडे लक्ष देणार, असं कारण सांगितलं गेलं. कारण बरं असेल, वाईट असेल. निर्णय मात्र एकट्या मालकाचा.

या पट्ट्यातल्या कामगाराला हे नवीन नाही. आपल्या वस्त्यांतली पोरं मँचेस्टर युनायटेडचे लाल टी-शर्ट घालायची, छातीवर शेवरोलेचं चिन्ह. तेच चिन्ह लावून गाड्या बाहेर पडायच्या तळेगावच्या जनरल मोटर्सच्या कारखान्यातून. डिसेंबर 2020 मध्ये तिथलं उत्पादन थांबलं आणि शेकडो कामगार रस्त्यावर आले. तिकडे मँचेस्टरचे चाहतेही 2005 पासून ग्लेझर कुटुंबाविरुद्ध ओरडत आहेत. क्लब विकत घेण्यासाठी काढलेलं कर्ज या मालकांनी क्लबच्याच डोक्यावर टाकलं. गेटवरचा कामगार आणि गॅलरीतला चाहता या दोघांचं दुखणं एकच: घाम आपला, सही त्यांची.

मग पर्याय काय? इंग्लंडमध्ये विंबल्डन क्लब मालकांनी दुसऱ्या शहरात हलवायचं ठरवलं, तेव्हा चाहत्यांनी 2002 मध्ये स्वतःचा नवा क्लब काढला. नवव्या पायरीपासून सुरुवात करून तो 2016 मध्ये तिसऱ्या पायरीवर पोहोचला. जर्मनीत तर नियमच आहे की क्लबमधली निम्म्याहून जास्त मतं सभासदांकडे हवीत; काही जुने अपवाद सोडले तर तो पाळला जातो. इतकं लांब कशाला, आपलं कोल्हापूर बघा. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा हे संघ तालमींतून आणि पेठांतून आले. प्रायोजक त्यांनाही लागतो, भांडणं तिथेही होतात. पण एखाद्या शेठने हात काढला म्हणून पेठ आपला संघ मोडत नाही. शाहू स्टेडियम आजही भरतं.

पुण्यात क्लब गेले तेव्हा रस्त्यावर कोण आलं? आम्हीही आलो नाही. कारण आपण सभासद नव्हतो, प्रेक्षक होतो. आणि प्रेक्षकाला फक्त तिकीट असतं, मत नसतं.

25 नोव्हेंबर 1949 ला संविधान सभेत बाबासाहेबांनी दिलेल्या तीन इशाऱ्यांपैकी दोन असे होते. माणूस कितीही मोठा असो, आपलं स्वातंत्र्य त्याच्या पायाशी ठेवू नका. आणि राजकीय लोकशाहीवर समाधान मानू नका, ती सामाजिक लोकशाही करा. आम्ही हे दरवर्षी भाषणात सांगतो. पण आपल्या मंडळांत काय चालतं? आमच्याच वस्तीत पोरांचा एक संघ होता. किट, बूट, स्पर्धेची फी, सगळं एका इच्छुक उमेदवाराने दिलं. टी-शर्टवर पुढे त्याचा फोटो, मागे पोराचा नंबर. निवडणूक हरल्यावर त्याने फोन उचलणं बंद केलं आणि महिन्याभरात संघ मोडला. आम्ही त्याला शिव्या घातल्या. खरं तर दोष आमचाही होता. घरटी वीस रुपये गोळा करायची आम्हाला लाज वाटली, त्याच्यापुढे हात पसरायची वाटली नाही.

म्हणून आमचं म्हणणं साधं आहे. जयंती मंडळ असो, अभ्यासिका असो की फुटबॉलचा संघ. वर्गणी घ्या, पावती द्या, सभासदांची यादी करा, वर्षातून एकदा हिशेब वाचा आणि मतदान घ्या. मुलींनाही सभासद करा, मैदानावर आणि कमिटीवरही. मदत कुणाचीही घ्या, मालकी कुणाला देऊ नका. सरकारी मैदानांवर वस्तीतल्या संघांना वेळ मिळावा, हा आग्रह महापालिकेकडे धरा. ती मैदानं आपल्या करातून उभी आहेत, उपकारातून नाही.

येत्या 25 डिसेंबरला देहूरोडला जाल तेव्हा विहारासमोर क्षणभर थांबा. हा विहार टिकला, कारण तो आपला आहे आणि त्याला मालक नाही.

जय भीम!