नाणेशोध, धातुशोधक यंत्राने (झरी जामणी परिसर)

जमिनीत पुरलेली किंवा हातून पडून मातीत गेलेली जुनी नाणी धातुशोधक यंत्राने हुडकणे. ब्रिटनमध्ये शेतांत, माळरानांवर, सार्वजनिक बागांत चालणारा हा छंद तिथे चांगलाच रुजला आहे. विदर्भात जमिनीतले नाणे आजही बहुधा नांगराच्या फाळाला, विहिरीच्या खोदकामात नाहीतर घराचा पाया खणताना लागते. यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेय कोपऱ्यातला झरी जामणी तालुका आणि त्याच्या आजूबाजूचा मुलूख डोळ्यांसमोर ठेवून ही नोंद केली आहे.

तालुक्याच्या दक्षिणेला पैनगंगा, पलीकडे तेलंगणातला आदिलाबाद जिल्हा. पूर्वेला वणी आणि वर्धा नदी ओलांडली की चंद्रपूर. यवतमाळ जिल्ह्याचे नावही १९०५ पर्यंत वणी जिल्हा असेच होते. सातवाहन, चांद्याचे (आताच्या चंद्रपूरचे) गोंड राजे, मोगल, निजाम आणि नागपूरकर भोसले यांची दोअमली, १८५३ नंतर इंग्रजांचा कारभार, इतक्या राजवटींचा पैसा या भागात फिरला. चांदा येथे एकोणिसाव्या शतकात सातवाहन नाण्यांचा निधी निघाला होता. अलीकडच्या काळातला राणीछाप रुपया, ढब्बू पैसा, १९४३ ते १९४७ मधला भोकाचा पैसा, नदीपलीकडच्या निजामी मुलखातला चारमिनार उमटवलेला हाली सिक्का ही नावे जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून येतात.

यंत्राच्या दांड्याच्या टोकाला असलेल्या तबकडीत तारेचे वेटोळे असते. त्यातून वाहणारा प्रवाह सेकंदाला हजारो वेळा दिशा पालटतो. खालच्या धातूत त्यामुळे विजेचे बारीक भोवरे उठतात, त्यांचे चुंबकीय क्षेत्र तबकडीतले दुसरे वेटोळे टिपते आणि कानात सूर वाजतो. एकट्या नाण्याची चाहूल साधारण वीतभर खोलीपर्यंतच लागते. भरलेला हंडा त्याहून खोल असला तरी कळू शकतो. बेसॉल्टपासून झालेल्या काळ्या मातीत लोहखनिजाचे कण असतात, त्यामुळे यंत्र आधी त्या मातीशी जुळवून घ्यावे लागते. तसे न केल्यास ते उगाच वाजत राहते. बागेत तर शीतपेयांची बुचे, खिळे, तारांचे तुकडे यांचेच आवाज जास्त. १९८८ पासून निघालेली स्टेनलेस स्टीलची नाणी चुंबकाला चिकटतात. लोखंड वगळण्याची कळ लावली, की यंत्र त्यांनाही गाळून टाकते.

यंत्राला धातू कळतो, काळ कळत नाही. काळ कळतो तो नाणे कोणत्या थरात, कशाच्या शेजारी, किती नाण्यांच्या सोबतीने पडले होते यावरून. १९३९ मध्ये तेव्हाच्या अकोला आणि आताच्या वाशीम जिल्ह्यातल्या तऱ्हाळा गावी सुमारे १,६०० सातवाहन नाणी एकत्र सापडली. तांबे, कथील आणि शिसे यांच्या मिश्रधातूची ही नाणी. एका अंगाला सोंड उचललेला हत्ती आणि कडेने ब्राह्मी अक्षरांत राजाचे नाव, दुसऱ्या अंगाला चार वर्तुळे क्रुसासारखी जोडलेले उज्जयिनी चिन्ह. बऱ्याच नाण्यांवर नावाची दोनचार अक्षरेच उमटलेली असतात. उरलेली नाण्याच्या चकतीबाहेर गेलेली. एका नाण्यावरचे अर्धे नाव दुसऱ्यावरच्या अर्ध्याला लावून वाचावे लागते, आणि त्यासाठी नाणी एकत्र असावी लागतात. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी हा निधी अभ्यासून प्रसिद्ध केला, तेव्हा कुंभ, कर्ण आणि शक सातकर्णी हे पुराणांच्या वंशावळीत नसलेले राजे पुढे आले. हीच नाणी दहा गावांच्या सराफांकडे सुटी सुटी गेली असती, तर हे राजे आपल्याला मिळाले नसते. नाशिक जिल्ह्यातल्या जोगलथेंबी येथे १९०६ मध्ये निघालेल्या क्षहरात राजा नहपानाच्या चांदीच्या नाण्यांच्या निधीत १३,००० हून अधिक नाणी होती. त्यातल्या सुमारे दोनतृतीयांश नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला आहे. क्षहरातांचा पाडाव केल्याचा असा रोकडा पुरावा नाण्यांच्या त्या ढिगातच होता.

कायद्याची बाजू यंत्र विकत घेण्यापूर्वीच समजून घ्यावी. १८७८ चा भारतीय निखात निधी कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक मोलाची कोणतीही वस्तू सापडली, की तिचे स्वरूप, अंदाजे किंमत, जागा आणि तारीख लेखी कळवणे आणि ती सरकारी खजिन्यात जमा करणे किंवा जामीन देणे बंधनकारक आहे. कळवायचे जिल्हाधिकाऱ्यांना. ते जाहीर सूचना काढतात. सुनावणी चार महिन्यांच्या आत होत नाही आणि सहा महिन्यांपलीकडे जात नाही. निधी बेवारस ठरला आणि जमीनमालकाने हक्क सांगितला, तर दोघांत वेगळा करार नसल्यास शोधणाऱ्याला तीनचतुर्थांश आणि मालकाला एकचतुर्थांश मिळते. सरकारला तो हवा असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देऊन घेता येतो. लपवणाऱ्याचा वाटा सरकारजमा होतो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. धातूच्या भावावर बेतलेली ही भरपाई तांब्याच्या नाण्यासाठी फारच तुटपुंजी आहे; लोक सापडलेले सांगत नाहीत त्याला भीतीइतकेच हेही कारण असावे. सार्वजनिक बागेची जागा नगरपंचायतीची किंवा शासनाची असते, म्हणून तिथे खणायला त्यांची परवानगी लागते. संरक्षित स्मारकाच्या आवारात तर खणायचा प्रश्नच नाही. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते आणि खाजगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही.

या भागात जमिनीतल्या धनाचा विषय निघाला, की बोलणे गुप्तधनावर जाते. पायाळू, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेल्या, माणसाला जमिनीतला हंडा दिसतो, मांडूळ धनाची वाट दाखवतो, अशा समजुतींपायी मुलांचे हाल झाले आणि एका निरुपद्रवी सापाची तस्करी वाढली. मांडूळ वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. गुप्तधनाच्या नावाखाली अघोरी कृत्ये करणे महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. हंडा दाखवतो म्हणून पैसे उकळणाऱ्याच्या हाती धातुशोधक यंत्र असले, म्हणून तो शास्त्रज्ञ होत नाही.

शेतात किंवा खोदकामात नाणी लागली तर पुढे खणू नये. जागेचे छायाचित्र घ्यावे, गट क्रमांक लिहून ठेवावा, नाणी ज्यात होती त्या मडक्याच्या खापऱ्याही जपाव्यात. चिंच, राख किंवा लिंबाने नाणे घासले की ते चकचकीत होते, पण वरच्या हिरव्या पुटाबरोबर पुसट अक्षरेही निघून जातात. मिश्रधातूच्या सातवाहन नाण्याचे तर यात फारच नुकसान होते. कोरड्या कागदात गुंडाळून ती तहसील कार्यालयात द्यावीत, म्हणजे यवतमाळला जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत पोचतात. विदर्भातल्या जुन्या नाण्यांचा संग्रह पाहायचा असल्यास १८६३ मध्ये स्थापन झालेले नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे लोकांच्या तोंडी बसलेला अजब बंगला, सर्वांत जवळचे. नाणकशास्त्राचे शिक्षण आणि संशोधन नाशिकजवळ अंजनेरी येथील संस्थेत चालते.