तेरा अहवाल

स्मरणिकेसाठी ‘काहीही लिही, पण लिहीच’ असा ग्रुपवर आग्रह झाला. शाळेच्या आठवणी तुम्ही सगळे माझ्याहून छान लिहाल. मी इंजिनिअर झाले, सॉफ्टवेअरमध्ये रमले, पण शाळेत लागलेली इतिहासाची गोडी काही सुटली नाही. म्हणून आपल्या पाठ्यपुस्तकात नसलेल्या एका माणसाविषयी लिहिते : अमेरिकन नौदलाचे अ‍ॅडमिरल विल्यम सिम्स.

सिम्स यांचा जन्म १८५८ मध्ये कॅनडातला. १८८० मध्ये ते अमेरिकेच्या नौदल अकादमीतून बाहेर पडले. १९०० च्या सुमारास, चीनच्या किनाऱ्यावर नेमणूक असताना, त्यांची ब्रिटिश कॅप्टन पर्सी स्कॉट यांच्याशी गाठ पडली.

त्या काळी जहाजावरची तोफ एका कोनात पक्की केली जाई. लाटांवर जहाज डुलता डुलता निशाण समोर आलं की गोलंदाज तोफ डागत असे. डोळ्यांनी पाहणं आणि हातांनी डागणं यांत क्षणभर जातो. तेवढ्यात नेम चुके. स्कॉट यांनी तोफ वरखाली करणाऱ्या दात्यांच्या चाकांचं प्रमाण बदललं आणि तोफ मागे उसळली तरी गोलंदाजाच्या डोळ्याला धक्का बसणार नाही अशी दुर्बीण बसवली. आता जहाज कितीही डुललं तरी गोलंदाज सतत चाक फिरवत नेम निशाणावर धरून ठेवू शके. १८९९ मध्ये त्यांच्या जहाजाचे ८० टक्के गोळे निशाणावर लागले.

त्याच वर्षी अमेरिकेच्या पाच जहाजांनी सुमारे दीड किलोमीटरवरच्या एका जुन्या जहाजावर प्रत्येकी पाच मिनिटं मारा केला होता. पंचवीस मिनिटांत गोळे लागले दोन!

सिम्स यांनी स्कॉट यांची पद्धत आपल्या जहाजावर करून पाहिली आणि वॉशिंग्टनला अहवाल धाडला. मग दुसरा, तिसरा. दोन वर्षांत तेरा अहवाल, आकडेवारीसकट. सुरुवातीचे नुसते फायलीत गेले. काही तर झुरळांनी अर्धे खाल्ल्याचं पुढे उघड झालं. नंतर नौदलाच्या शस्त्रविभागाने चाचणी घेतली आणि निष्कर्ष काढला की पाच माणसं लावली तरी तोफ तेवढ्या वेगाने हलवता येत नाही. म्हणजे सिम्स सांगतात ते अशक्य!

चाचणी झाली होती जमिनीवर. नववीतला न्यूटनचा पहिला नियम आठवा. समुद्रावर जहाज डुलतं तेव्हा जड तोफ जडत्वामुळे आहे तशीच राहू पाहते, त्यामुळे गोलंदाजाचं अर्धं काम आपसूक होतं. जमिनीवर मात्र सगळं वजन माणसांनाच हलवावं लागतं. आपल्या प्रयोगवहीत ‘साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष’ असे रकाने असत. या चाचणीचं निरीक्षण खरं होतं, पण कृतीच भलत्या जागी केलेली होती. आपल्या सरांनी त्या पानावर लाल रेघ मारली असती.

सिम्स यांनी शेवटी थेट राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना पत्र लिहिलं. एका लेफ्टनंटने वरच्या सगळ्यांना ओलांडून असं करणं म्हणजे नोकरीशी खेळ होता. रूझवेल्ट यांनी १९०२ मध्ये त्यांना परत बोलावून नेमबाजीच्या निरीक्षकपदी बसवलं. १८९९ च्या त्या चाचणीनंतर सहा वर्षांनी, तेवढ्याच अंतरावरून, एकट्या गोलंदाजाने एका मिनिटात पंधरा गोळे निशाणावर मारले.

पुढे एप्रिल १९१७ मध्ये ते लंडनला पोहोचले, तेव्हा जर्मन पाणबुड्या ब्रिटनकडे येणारी जहाजं सपाट्याने बुडवत होत्या. मालवाहू जहाजांनी युद्धनौकांच्या संरक्षणात तांड्याने जावं, या मताचे ते होते. ‘हे जमणार नाही’ म्हणणारे इथेही पुष्कळ होते. तांडे सुरू झाले आणि नुकसान कमी होत गेलं.

सिम्स यांची जीभ तिखट होती. १९१० मध्ये लंडनमधल्या एका भाषणापायी त्यांना राष्ट्राध्यक्षांकडून समज मिळाली. युद्धानंतर पदकवाटपावरून ते नौदलमंत्र्यांशी भांडले आणि स्वतःचं पदक नाकारलं. १९२१ मध्ये त्यांच्या युद्धावरील पुस्तकाला पुलित्झर पारितोषिक मिळालं, १९२२ मध्ये ते निवृत्त झाले आणि १९३६ मध्ये वारले.

ही कथा मला जवळची वाटते, कारण आमच्या कामात ती रोज घडते. एका जुन्या नोकरीत, ग्राहकांची माहिती धोक्यात आहे असं मी तीन वेळा लेखी कळवलं. पहिल्या दोन ईमेलना उत्तर नाही. तिसऱ्याला आलं, ‘आम्ही तपासलं, अडचण दिसत नाही.’ तपासलं होतं ते रिकाम्या सर्व्हरवर, म्हणजे जमिनीवरच. घरी कर्जाचे हप्ते चालू होते. चौथा ईमेल पाठवायचा की नाही यावर दोन रात्री गेल्या. पाठवला. दुरुस्ती झाली, त्या वर्षीची बढती मात्र गेली.

मित्रमैत्रिणींनो, आता आपण पंचेचाळिशीच्या आसपास आहोत. कुणी बँकेत मॅनेजर, कुणी मुख्याध्यापक, कुणी डॉक्टर. अहवाल लिहिणारे आपण आता अहवाल वाचणारे झालो आहोत. माझ्या टेबलावरही पंचविशीतल्या पोरांचे ईमेल येतात, कधी जरा उद्धट भाषेत. ‘तपासलं, अडचण दिसत नाही’ असं लिहिण्याआधी मी आता एक प्रश्न विचारते : तपासलं ते समुद्रावर की जमिनीवर? तुमच्याही टेबलावर असा एखादा तेरावा कागद पडला असेल, तर सोमवारी तो आधी वाचा.