विलंब आणि दुपदरी आवाज : मिक्सरच्या इतिहासातील एक प्रकरण

प्रत्यक्ष कार्यक्रमात मिक्सर चालविणारा तंत्रज्ञ गायकाचा आवाज क्षणभर मागे ठेवून मूळ आवाजात पुन्हा मिसळतो, तेव्हा त्या कृतीस सामान्यतः अलंकरण समजले जाते. तिचा इतिहास निराळे सांगतो. शब्द स्पष्ट ऐकू यावेत म्हणूनही विलंब योजिला गेला आणि आवाज भरघोस व्हावा म्हणूनही. दोन्ही उपयोगांचे मूळ श्रवणेंद्रियाच्या एकाच धर्मात आहे. ध्वनी सेकंदास सुमारे ३४० मीटर जातो. १७ मीटरवरील भिंतीवर आदळून परतण्यास त्याला सेकंदाचा दशांश लागतो. विजापूरच्या गोल घुमटातील पडसाद अशा रीतीने केवळ वास्तूच्या अधीन असतात. विसाव्या शतकात विलंब मनुष्याच्या स्वाधीन झाला.

या धर्माचे मोजमाप हेल्मुट हास याने १९४९ साली ग्यॉटिंगेन येथे केले. एकच भाषण दोन लाउडस्पीकरांतून ऐकविले आणि दुसरा ध्वनी ५ ते ३० मिलिसेकंद मागे ठेवला, तर तो १० डेसिबलपर्यंत अधिक मोठा असला तरी निराळा म्हणून जाणवत नाही. आवाज पहिल्याच दिशेने येतो असे वाटते. दुसरा ध्वनी त्यास केवळ पुष्टी देतो. अंतर वाढले की दोन्ही सुटे पडतात आणि भाषण समजण्यास अडथळा येतो. १९५० साली बर्नार्ड ली याने याची दुसरी बाजू दाखविली. स्वतःचाच आवाज सेकंदाच्या सुमारे पंचमांशाने उशिरा कानी पडू लागला, तर बोलणारा अडखळतो व अक्षरे पुन्हा पुन्हा उच्चारतो. श्रोत्यास शोभा वाटणारा विलंब वक्त्यास व्यत्यय ठरू शकतो, हे यावरून सिद्ध झाले.

हासच्या शोधाचा लाभ लवकरच लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलला झाला. त्या रिकाम्या वास्तूत नाद दहा सेकंदांहून अधिक काळ रेंगाळतो. १९५० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत पीटर पार्किन व त्याच्या सहकाऱ्याने तेथे उंच स्तंभाकार लाउडस्पीकर बसविले. दूरच्या स्तंभांकडे जाणारा ध्वनी एका फिरत्या चुंबकीय यंत्रणेतून मागे ठेवला. त्यामुळे शेवटच्या ओळीतील श्रोत्यासही शब्द व्यासपीठावरूनच येत आहेत असे वाटे. येथे विलंबाचे कार्य स्वतःला लपविण्याचे होते.

त्याच सुमारास अमेरिकेत विलंब उघडपणे ऐकविला जाऊ लागला. मेम्फिस येथील सन स्टुडिओत सॅम फिलिप्स आवाज दुसऱ्या टेपयंत्रातून फिरवून आणी. मुद्रण करणारे हेड व वाचणारे हेड यांत दोन इंचांचे अंतर आणि टेपचा वेग सेकंदास १५ इंच मानल्यास विलंब सुमारे १३३ मिलिसेकंद होतो. कान तो स्पष्टपणे ओळखतो. १९५४ साली मुद्रित झालेल्या एल्विस प्रेस्लीच्या गीतांचा हा विशेष मंचावर साधणे कठीण होते. रे बट्स या कारागिराने टेपयंत्र गिटारच्या ॲम्प्लिफायरमध्येच बसविले. १९५५ साली प्रेस्लीचा गिटारवादक स्कॉटी मूर याने तो घेतला. स्टुडिओतील युक्ती अशा रीतीने प्रत्यक्ष कार्यक्रमात आली.

दुपदरी आवाजाचा प्रश्न याहून सूक्ष्म होता. पूर्वी गायकास तेच गीत दोनदा गावे लागे. १९६६ साली लंडनच्या ईएमआय स्टुडिओत केन टाउनसेंड याने बीटल्सच्या मुद्रणासाठी दुसऱ्या टेपयंत्राच्या साहाय्याने हा श्रम वाचविला. या रीतीत टेपचा वेग किंचित बदलता ठेवता येई, आणि हेच महत्त्वाचे होय. कारण दोन गायक कधीच तंतोतंत जुळत नाहीत. काही मिलिसेकंदांचा स्थिर विलंब मूळ ध्वनीत मिसळल्यास काही कंप्रता एकमेकींस नाहीशा करतात व आवाज पोकळ भासतो.

मिक्सरच वाद्य झाला तो जमैकात. किंग्स्टन येथील ओस्बोर्न रुडॉक, ऊर्फ किंग टबी (१९४१–१९८९), हा मुळात वीजयंत्रे दुरुस्त करणारा कारागीर. त्याने १९७० नंतरच्या दशकात गीतातील शब्द वगळून ढोल व बास उरू दिले आणि मधूनच एखादा शब्दखंड विलंबयंत्राकडे सोडला. परतलेला ध्वनी पुन्हा त्याच मार्गास लावला की पडसादांची साखळी वाढत जाते. ती कोठे तोडावयाची हे बोटांनीच ठरे. शब्दाचा अर्थ विरून त्याचा नाद उरणे, हाच तेथे हेतू होता.

पार्किनचा मार्गही पुढे चालत राहिला. १९७३ साली न्यूयॉर्क राज्यातील वॉटकिन्स ग्लेन येथे सुमारे सहा लाख श्रोते जमले, तेव्हा दूरच्या मनोऱ्यांवरील लाउडस्पीकरांना अंकीय यंत्रांतून विलंब दिला गेला. २०० फुटांसाठी तो सुमारे १७५ मिलिसेकंद असावा लागतो.

आजच्या अंकीय मिक्सरमध्ये हे दोन्ही प्रवाह एकाच पटलावर आले आहेत. एकाच अंकाने कोठे शब्द वाचतो, कोठे आवाज दुणावतो, तर कोठे वाक्य मोडते. मुद्रणशाळेत चूक पुसता येते. सभागृहात ती श्रोत्यांच्या कानी पोहोचलेली असते. म्हणून विलंब किती, या प्रश्नाआधी तो कोणाच्या कानासाठी, हा प्रश्न विचारावा लागतो. गायकाच्या समोरील लाउडस्पीकरात दीर्घ विलंब सोडणारा तंत्रज्ञ नकळत लीचा प्रयोग पुन्हा करीत असतो.